आंतरजालीय व्यापारातील सुरक्षितता आणि नुकसानीचे दायित्व

ऑनलाइन खरेदी करणाऱ्या सामान्य ग्राहकाची सुरक्षिततेविषयीची कल्पना बहुधा कुलपाच्या चिन्हाशी किंवा पत्त्याच्या आरंभीच्या ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांशी निगडित असते. ही कल्पना चुकीची नसली तरी अपुरी आहे. वाटेत संदेश कोणी वाचू अथवा बदलू शकत नाही, आणि दुसऱ्या टोकाला त्याच पत्त्याचे संकेतस्थळ आहे, एवढेच ते चिन्ह सांगते. त्या पत्त्याचा धनी सचोटीचा आहे की नाही, याविषयी ते मौन पाळते. केवळ फसवणुकीसाठी थाटलेल्या दुकानालाही असे प्रमाणपत्र, तेही विनामूल्य, मिळू शकते.

वाटेवरील हे संरक्षण मात्र खरोखर भक्कम आहे. पूर्वी कधीही न भेटलेल्या दोन पक्षांनी उघड्या मार्गावरून गुप्त किल्ली कशी ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये दिले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी दुसरी पद्धत मांडली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय दुष्कर, हे तिचे मर्म होय. (ब्रिटिश सरकारच्या सेवेतील क्लिफर्ड कॉक्स यांना हीच युक्ती १९७३ मध्ये सुचली होती; परंतु गोपनीयतेमुळे १९९७ पर्यंत जगाला तिचा पत्ता नव्हता.) १९९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने हे गणित व्यापाराच्या उपयोगी आणले. तेव्हापासून चोरांनी वाट सोडून तिच्या दोन टोकांकडे मोर्चा वळविला.

पहिले टोक म्हणजे व्यापाऱ्याचे दप्तर. पुढील खरेदी सोयीची व्हावी म्हणून लाखो ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक तेथे साठविले जात, आणि एका घरफोडीत ते सारे हाती लागत. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील व्यापाऱ्यांना असे क्रमांक जवळ ठेवण्यास मनाई केली. त्यांच्या जागी ‘टोकन’ आले. हा पर्यायी क्रमांक त्या एका व्यापाऱ्यापुरताच चालत असल्यामुळे तो चोरूनही चोराला अन्यत्र काही विकत घेता येत नाही.

दुसऱ्या टोकाला स्वतः ग्राहक असतो, आणि खरी अडचण येथेच आहे. ऑनलाइन व्यवहारात कार्डावरील तपशिलाखेरीज आणखी एक खूण मागण्याचे बंधन २००९ मध्ये आले. परिणामी ती खूण धन्याकडूनच वदवून घेण्याचा धंदा फोफावला. यू.पी.आय. व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाल्यावर त्याला नवे रूप मिळाले. जुने कपाट विकू पाहणाऱ्या गृहस्थास ‘गिऱ्हाइका’चा फोन येतो : “पैसे पाठविले आहेत, स्वीकारण्यासाठी पिन घाला.” वस्तुतः पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश रक्कम मागणारा असतो, आणि पिन घालताच ती खात्यातून जाते. यावर वर्षानुवर्षे उपदेशाच्या जाहिराती झाल्या. पण व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, तो उपाय अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

अशा प्रसंगी नुकसान कोणी सोसावे? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांपुरते उत्तर दिले. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर कोणताही भार नाही. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. मात्र ग्राहकाने गुप्त खूण स्वतः दुसऱ्यास दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. कपाट विकणाऱ्या गृहस्थाची स्थिती याहून बिकट आहे. त्याने स्वहस्ते पिन घातल्यामुळे व्यवहार ‘अधिकृत’ ठरविणे सोपे जाते. फसवून घेतलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून तो वेगळ्या रीतीने सोडविला. देशांतर्गत तत्काळ हस्तांतरणात फसवणुकीने पैसे पाठविणाऱ्यास, त्याचा घोर निष्काळजीपणा नसल्यास, ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणे बंधनकारक झाले. तिचा निम्मा भार पैसे पाठविणाऱ्या संस्थेवर आणि निम्मा ते स्वीकारणाऱ्या संस्थेवर पडतो.

यातील दुसरा निम्मा भाग भारतीय पेढ्यांना अपरिचित वाटू नये. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यावयाची असे, आणि हुंडी बनावट निघाल्यास त्या शहाने रक्कम व्याजासह परत करावी किंवा ज्याच्याकडून ती आली त्यास हजर करावे, असा रिवाज होता. पैसे स्वीकारणारा येथे जामीनच असे. आज फसवणुकीची रक्कम बहुधा दुसऱ्याच्या नावाने चालविलेल्या भाडोत्री खात्यांतून पळविली जाते. ही खाती ओळखपत्रे तपासून उघडणारी बँकच शहाच्या जागी बसते. २०१७ च्या परिपत्रकाने तिच्यावर ब्रिटनसारखा हिस्सा बसविला नव्हता. आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करून रक्कम रोखता येते खरी, पण ती त्या खात्यात शिल्लक असेतोवरच.