घरातला पांढरा ‘पामेरियन’ : हौस आणि जबाबदारी

शेतीच्या पानात कुत्र्यावर लेख कशाला, असं वाटेल. पण कसाल परिसरात काजू-भाताचं बोलणं आटोपलं की पडवीतल्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याचा विषय निघतोच. चाकरमानी गणपतीला येताना पिल्लू आणतात आणि जाताना आई-वडिलांकडे ठेवून जातात. मी कृषी खात्यातला, पशुवैद्य नव्हे. तरीही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, आपल्याकडचे बहुतेक ‘पामेरियन’ हे पामेरियन नव्हेतच. ते नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून आलं, आणि तो कुत्रा जेमतेम २ ते ३ किलोंचा. आपल्या घरी असतो तो ‘इंडियन स्पिट्झ’. ब्रिटिश अमदानीत इथे आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून तयार झालेली, आपल्या हवेला सरावलेली ही जात. त्यातला लहान प्रकार ५ ते ७ किलोंचा भरतो, मोठा त्याच्या दुपटीहून जास्त. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. तेव्हा ‘ओरिजिनल पामेरियन’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर जरा थांबा.

स्वभावानं हा हुशार, माणसाला चिकटून राहणारा. सुकं पान पडलं तरी भुंकेल. म्हातारा-म्हातारी दोघंच असलेल्या घरात ही जिवंत घंटा फार उपयोगाची, आणि सोबतही होते. पण काजूची राखण करायला किंवा माडावरची माकडं हाकलायला तो नव्हे. तिथे आपला गावठीच हवा. दिवसभर एकटा बांधलात तर चिडका होतो. पोरांनी शेपूट ओढली तर चावेलही.

रात्री त्याला घरातच घ्या. ‘वाघान कुत्रो नेलो’ असं गावात ऐकतो ना, तो बिबट्या असतो, आणि एवढासा जीव म्हणजे त्याला एकच घास. लाकडांच्या राशीत, चिऱ्यांच्या गडग्यात नाक खुपसू देऊ नका, फुरसं असतं. उन्हाळ्यात अंगावरचे केस भादरून टाकतात, ते बरं नव्हे. त्या केसांमुळे ऊनही अडतं. रोज विंचरा, पावसात भिजला तर कातडीपर्यंत कोरडा करा आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहा. भात-मासे द्या, पण काटे काढून. तिखट सार, कांदा नको.

आता मुख्य मुद्दा. ‘आमचो घराबाहेर जायत नाय, मग लस कित्याक?’ हे मी अनेक घरांत ऐकतो. अहो, तो बाहेर जात नसला तरी बाहेरचा कुत्रा, कोल्हा, मुंगूस खळ्यात येतोच. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. लस मात्र वेळेवर घेतली तर रोग टळतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, पुढची मात्रा कधी ते तिथेच विचारा आणि नंतर दरवर्षी लस चुकवू नका. लेप्टोची लसही विचारून घ्या, आपल्या भातशेतीच्या भागात ती हवीच.

कुत्रा चावला किंवा ओरखड्यावर चाटला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही चोळू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कुत्रा घरचा आहे म्हणून थांबू नका.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी एक ध्यानात घ्यावं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. हे ग्रामसभेत वाचून दाखवलं, तर आपलं काम बरंच हलकं होईल. पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून वाडीत एक लसीकरणाचा दिवसही ठरवता येईल. म्हाताऱ्या माणसांना कुत्रा घेऊन एसटीनं जाणं जमत नाही.

आणि गणपतीला मुलगा पिल्लू घेऊन आलाच, तर पिल्लाबरोबर त्याचं लसीचं कार्डही मागून घ्या. पुढची तारीख त्यावरच लिहिलेली असते.