भाड्याची खोली

काम पाचगणीला आणि खोली वाईला घ्यायची म्हणता? मधे पसरणीचा घाट आहे. खोलीच्या भाड्यात रोजचे एस.टी.चे भाडे मिळवा, मग स्वस्त की महाग ते ठरवा. पाणी केव्हा येते, तेही विचारा.

करार तोंडी नको. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी हवा, नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. भाडे दिले की पावती मागा. पावती न देणाऱ्या मालकाला दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मी एकदा भिडेपोटी अनामतीची पावती घेतली नाही. खोली सोडताना मालक म्हणाले, "गुरुजी, कसली अनामत?" मी हेडमास्तर, आणि हाती कागद नाही!

तुम्हांला आता वाचता येते. सही करण्याआधी अनामतीचा आकडा बोट ठेवून पाहा.