वेबसाईटला नवी सोय जोडायची? मूळ कोडला हात लावू नका!



आज आधी माझ्या खिशाला लागलेली कात्री सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

आमच्या दुकानाची वेबसाईट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालते. कॅश ऑन डिलिव्हरीला कुरिअरचा खर्च जास्त येतो, म्हणून अशा ऑर्डरवर ४० रुपये जादा घ्यायचं ठरवलं. साईट बनवणाऱ्या मुलाने वूकॉमर्सच्या मूळ फाईलमध्येच चार ओळी घातल्या. दहा मिनिटांत काम झालं, मी खूश!

पुढे एक दिवस मी अपडेटचं बटण दाबलं आणि ते ४० रुपये गायब झाले. हे कळलं कधी? महिनाअखेरीला हिशेब जुळवताना. तोवर ६३ पार्सलं गेली होती, म्हणजे २,५२० रुपये पाण्यात. रक्कम छोटी, पण धडा मोठा.

चूक कुठे झाली?

अपडेट म्हणजे जुन्या फाईली काढून त्या जागी नव्या ठेवणं. तुम्ही जुन्या फाईलमध्ये लिहिलेलं त्यासोबतच जातं. घरात मिक्सर लावायचा म्हणून आपण भिंत फोडून वायर ओढतो का? बोर्डावर सॉकेट असतो, त्यात पिन घालतो. वेबसाईटमध्ये ती पिन म्हणजे प्लगइन आणि सॉकेट म्हणजे हुक.

वर्डप्रेस २००३ साली आलं आणि २००४ च्या १.२ आवृत्तीपासून त्यात प्लगइनची सोय आहे. २०११ मध्ये आलेलं वूकॉमर्ससुद्धा मुळात वर्डप्रेसचं एक प्लगइनच आहे. गंमत म्हणजे त्याने स्वतःचेही हुक ठेवलेत, त्यामुळे पेमेंट, कुरिअर, जीएसटी बिल अशी प्लगइन त्याला जोडता येतात.

आत काय घडतं?

प्रत्येक प्लगइन स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं. तुम्ही 'ॲक्टिव्हेट' दाबलं की डेटाबेसमधल्या यादीत त्याचं नाव चढतं. ग्राहक साईटवर आला की वर्डप्रेस ती यादी वाचतं आणि त्या फाईली एकेक करून उघडतं. 'डीॲक्टिव्हेट' केलं की यादीतून नाव उतरतं, फोल्डर तिथेच राहतं. साईट बंद करायला नको की मूळ कोडला हात लावायला नको.

माझं ४० रुपयांचं काम आता एका छोट्या प्लगइनमध्ये आहे. कार्टचा हिशेब होताना वूकॉमर्स हुकवर हाक मारतं, 'कुणाला काही जोडायचंय का?' माझं प्लगइन म्हणतं, 'कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर ४० जोडा.' त्यानंतर कितीतरी अपडेट झाली, चार्ज जागेवर आहे.

पण एक धोका आहे

प्लगइनला साईटमध्ये वेगळी खोली नसते, त्याला सगळ्या घराची किल्ली मिळते. तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर, पत्ते, ऑर्डरी, सगळं त्याच्या हाती येतं. म्हणून फुकट मिळालेलं 'क्रॅक' केलेलं पेड प्लगइन कधीच टाकू नका. अनोळखी माणसाला गल्ल्यावर बसवाल का? तसंच आहे ते.

माझे चार नियम लिहून ठेवा:

१. नवं प्लगइन आधी साईटच्या कॉपीवर, म्हणजे स्टेजिंगवर, चालवून बघा. स्वतः एक ऑर्डर टाका.

२. अपडेटआधी बॅकअप घ्या. अपडेट झालं की पुन्हा एक ऑर्डर टाकून बिल तपासा. मी हे केलं असतं तर ६३ पार्सलं तशी गेली नसती.

३. सणाच्या आठवड्यात प्रयोग नको. दिवाळीच्या तोंडावर दुकानाचं शटर कोण बदलतं?

४. वापरात नसलेलं प्लगइन डिलीट करा. चालू प्लगइन जास्त झाली की साईट जड होऊ शकते. बंद असलं तरी जुना कोड फोल्डरमध्ये पडून राहतो आणि तोही धोकाच.

आणि एवढं करूनही साईट पांढरी पडली तर? घाबरू नका. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरीची लिंक पाठवतं. ती आली नाही तर होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. फाईल सापडली नाही की वर्डप्रेस तिला सोडून पुढे जातं आणि साईट उघडते.

आजचं काम एकच. साईट बनवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा, 'मूळ फाईलमध्ये काही बदललंय का?' उत्तर 'हो' आलं, तर पुढचं अपडेट दाबायच्या आधी ते प्लगइनमध्ये हलवून घ्या.