बिदरी : काळ्या धातूवरची चांदीची रेघ आणि हाताच्या कौशल्याचे मोल

मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला बिदर हे नाव परके नाही. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांना ज्या बादशहापुढे जाब द्यावा लागला, तो बादशहा बिदरचा, असे ही कथा सांगते. कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या या नगराने एका कलेलाही आपले नाव दिले आहे. काळ्याभोर धातूवर चांदीची लखलखती वेलबुट्टी उमटवणारी ही कला म्हणजे बिदरी.

कोणत्याही हस्तकलेची ओळख करून घेताना तीन प्रश्न विचारावे लागतात. ती कशापासून घडते, कशी घडते आणि घडवणाऱ्याला तिच्यावर जगता येते का? पहिल्या दोन प्रश्नांची बिदरीची उत्तरे शतकानुशतके फारशी बदललेली नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आज अवघड झाले आहे.

दरबारी उगम

पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. इराण आणि मध्य आशियातून आलेले विद्वान, स्थापत्यकार आणि कारागीर या दरबाराच्या आश्रयाला होते. धातूत धातू जडवण्याची इराणी पद्धत आणि दख्खनमधील ओतकामाचे कौशल्य यांच्या संगमातून बिदरी घडली, असे परंपरा सांगते. पुढे ही कला हैदराबाद, लखनौ, मुर्शिदाबाद आणि बिहारमधील पूर्णिया येथेही पोहोचली. हुक्क्यांची पात्रे, सुरया, पानदाने, तबके आणि बैठकीवरील चादर उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांवर ठेवायची घुमटाकार वजने, असे तिचे दरबारी रूप होते. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय येथे या कलेचे जुने नमुने जतन केलेले आहेत.

मुख्य धातू जस्त

बिदरीकडे पाहताना डोळ्यांत भरते ती चांदी. परंतु वस्तूचा देह जस्ताचा असतो. साधारणपणे सोळा भाग जस्तात एक भाग तांबे मिसळून हा मिश्रधातू तयार करतात. म्हणजेच त्यात जस्ताचे प्रमाण सुमारे 94 टक्के असते. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते आणि 907 अंशांना त्याची वाफ होऊ लागते. त्यामुळे खनिजापासून ते वेगळे करणे ही प्राचीन धातुविद्येपुढील मोठी अडचण होती. राजस्थानातील झावर येथे ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर जस्त मिळवले जात होते आणि युरोपने ही विद्या आत्मसात करण्याच्या कितीतरी आधीपासून भारतीयांना ती अवगत होती. जस्तप्रधान धातूवर आधारलेली बिदरीसारखी कला याच भूमीत बहरावी, यात म्हणूनच नवल नाही.

मिश्रणातले तांबे अल्प असले तरी त्याचे काम मोठे असते. ते नसेल तर शेवटी चढणारा गडद काळा रंग जस्तावर येत नाही.

ओतकामापासून झळाळीपर्यंत

बारीक मातीत राळ आणि एरंडेल तेल मिसळून साचा तयार केला जातो. त्यात वितळलेला धातू ओततात. थंड झालेली वस्तू खडबडीत आणि करड्या रंगाची असते. ती कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले जाते. त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि टोकदार सळईने काढलेली नक्षी त्यावर स्पष्ट दिसते. ही रेखाटणी बहुतेक वेळा मुक्तहस्ताने होते. कमळ, गुलाब, अफूचे फूल, द्राक्षवेली, मोहरेच्या आकाराची अशर्फी बुट्टी हे आकार कारागिराच्या हाताला पाठ असतात.

यानंतरचे खोदकाम सर्वांत कौशल्याचे. छिन्नी आणि लहान हातोडीने रेषेबरहुकूम बारीक खाच पाडली जाते. खाच उथळ झाली तर तार निसटते आणि प्रमाणाबाहेर खोल झाली तर रेषेचा नाजूकपणा जातो. या खाचेत शुद्ध चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा बसवून हलक्या हाताने ठोकला जातो. चांदी मऊ असल्याने ती खाचेत पसरते आणि घट्ट धरली जाते. येथे डिंक लागत नाही की डाखही लागत नाही. मग वस्तू पुन्हा घासतात, झळाळी देतात. या टप्प्यावर चांदी आणि जस्त दोन्ही जवळजवळ सारख्याच रंगाचे दिसू लागतात आणि एवढे कष्ट घेतलेली नक्षी नजरेआड झाल्यासारखी वाटते.

जडावकामाचेही प्रकार आहेत. तार बसवली की तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान. नक्षी पृष्ठभागापासून किंचित उठलेली असेल तर जरनिशान आणि ठळक उठावाची असेल तर जरबुलंद. पार्श्वभूमी चांदीने मढवून फुले-पाने मात्र काळी राखली, तर त्या कामाला आफताबी म्हणतात.

किल्ल्याची माती

हरवलेली नक्षी परत आणण्याचे काम मातीचे. बिदरच्या किल्ल्यातील जुन्या इमारतींच्या ज्या भागांना वर्षानुवर्षे ऊन-पावसाचा स्पर्श झालेला नाही, तेथील माती कारागीर आणतात. ती नवसागर आणि पाण्यात कालवून किंचित तापवलेल्या वस्तूवर चोळली जाते. काही क्षणांत जस्ताचा पृष्ठभाग काळाभोर होतो. चांदीवर मात्र या लेपाचा काहीच परिणाम होत नाही. वस्तू धुऊन तेलाचा हात फिरवला की काळ्या पार्श्वभूमीवर चांदी उजळून उठते.

या मातीतील क्षार ही किमया घडवतात. माती योग्य आहे की नाही, हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. मात्र ही माती अमर्याद नाही. ऐतिहासिक वास्तूचे जतन आणि कलेची गरज या दोन्हींचा विचार करून तिचा वापर जपून करणे, तसेच तिच्या घटकांचा अभ्यास करून पर्याय शोधणे, हे या कलेच्या भवितव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

चांदी महागली, हात स्वस्त राहिला

बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले. सन्मान मिळाले, तरी कार्यशाळेतील गणित वेगळेच राहिले आहे. 2025 मध्ये चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पुढे गेला. लहान कारागिराला चांदी विकत घेऊन वस्तू घडवून ठेवणे आणि ग्राहकाची वाट पाहणे परवडत नाही. चांदी महागली की तो नक्षी विरळ करतो किंवा मागणी आल्यावरच काम हाती घेतो.

त्यातही खरी अडचण मोल ठरवण्याच्या पद्धतीत आहे. ग्राहक चांदीचे वजन विचारतो आणि त्यावरून किंमत जोखतो. प्रत्यक्षात बारीक तारकशीच्या वस्तूत चांदी थोडी आणि मजुरी मोठी असते. ज्या रेषेला सर्वाधिक कौशल्य लागते, तिलाच सर्वांत कमी चांदी लागते. चांदीच्या वजनावर कामाचा दाम ठरत राहिला, तर कारागिराचा मुलगा दुसरी नोकरी शोधणार आणि छिन्नीची खोली बोटांना कळण्याचे ज्ञान एका पिढीत संपणार.

शिक्षणाच्या आणि रोजगाराच्या वाटा

बिदरीसारख्या कलेत करिअर करायचे म्हणजे केवळ कारागीर व्हायचे, असे नाही. पहिली वाट अर्थातच कार्यशाळेची. ओतकाम, खोदकाम, जडाव आणि झळाळी ही कामे बहुधा वेगवेगळे हात करतात आणि नवशिका प्रत्यक्ष काम करतच शिकतो.

दुसरी वाट संकल्पनाकाराची. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 पासून कार्यरत असून तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. डिझाइनमधील पदवीसाठी आयआयटी मुंबईतर्फे यूसीड, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड ही परीक्षा घेतली जाते. जयपूरच्या भारतीय शिल्प व डिझाइन संस्थेत हस्तकलांवरच भर आहे. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला आणि 1950 मध्ये सुरू झालेल्या बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेला दृश्यकलेच्या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. हुक्का आणि पानदान मागे पडल्यावर दागिने, लेखणी, दिवे, पेन ड्राइव्हचे आवरण अशी रूपे बिदरीने घेतली, ती नव्या संकल्पनांमुळेच.

तिसरी वाट जतनाची. संग्रहालयांतील धातूच्या वस्तूंची निगा राखण्यासाठी रसायनशास्त्र आणि कला दोन्ही जाणणाऱ्या तज्ज्ञांची गरज असते. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा या क्षेत्रात काम करते. याखेरीज कलासमीक्षण, छायाचित्रण, विपणन आणि निर्यात या क्षेत्रांतही कलेची जाण असलेल्यांना वाव आहे.

घेताना आणि जपताना

अस्सल बिदरी वस्तू हाताला जड लागते. तिच्यावरून बोट फिरवले तर तारकशीची चांदी पृष्ठभागाशी एकजीव जाणवते. रंगवलेल्या नकलेत नक्षीचा थर वरवर बसलेला असतो. जस्ताचा हा धातू ठिसूळ असल्याने वस्तू पडू देऊ नये. चिंच किंवा लिंबू लावून ती घासू नये, कारण आम्लाने काळा थर उतरतो. मऊ कोरड्या कापडाने पुसणे आणि क्वचित तेलाचा हलका हात देणे पुरेसे असते.

बिदरी विकत घेताना चांदी किती, हा प्रश्न सर्वांनाच सुचतो. त्याच्या जोडीला काम किती दिवसांचे, हाही प्रश्न विचारला जाऊ लागला, तर कारागिराच्या हाताला दाम मिळेल. त्या दामावरच ही कला पुढच्या पिढीच्या हाती पोहोचणार की नाही, हे ठरणार आहे.