मताची नोंद आणि मतदाराची स्मृती

लोकप्रतिनिधी हा मतदारांना जबाबदार असतो, हे लोकशाहीचे मूलतत्त्व होय. परंतु या जबाबदारीचा जाब प्रत्यक्षात कोण विचारतो आणि कसा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अमेरिकेतील बंदूक-नियंत्रणविषयक कायद्यांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

तेथील राज्यघटनेनुसार, उपस्थितांपैकी एकपंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास प्रत्येक सदस्याचे अनुकूल वा प्रतिकूल मत सभागृहाच्या कामकाजात नोंदवावे लागते. भारतीय वाचकाने येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे सदस्याचे मत हे बहुधा पक्षाचेच मत असते. अमेरिकेत असा कायदा नाही. म्हणून तेथे एकेका सदस्याला ‘तुम्ही असे मत का दिले?’ हे विचारण्यास विशेष अर्थ आहे.

हा प्रश्न प्रथम चिकाटीने विचारला तो बंदूकधारकांच्या बाजूने. १८७१ साली स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ही संघटना पुढे उमेदवारांना, शाळेतील गुणपत्रिकेप्रमाणे, ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देऊ लागली. ५ मे १९९४ रोजी प्रतिनिधिगृहाने काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरील बंदीचे विधेयक २१६ विरुद्ध २१४ मतांनी संमत केले. ही बंदी सप्टेंबरात कायद्यात आली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने त्या सभागृहातील चाळीस वर्षांचे बहुमत गमावले; सभापती टॉम फोली हेही पराभूत झाले. या पराभवाची कारणे अनेक होती. तथापि बंदूक-नियंत्रणाला मत दिल्यास पद जाते, ही समजूत तेव्हापासून दृढ झाली. बंदीची दहा वर्षांची मुदत २००४ साली संपली आणि ती पुन्हा वाढविण्यात आली नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत २० बालके आणि ६ प्रौढ गोळीबारात मारले गेले. त्यानंतर बंदूक-प्रदर्शनांत व इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीतही खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी व्हावी, अशी दुरुस्ती सिनेटपुढे आली. जनमत-चाचण्यांत दहापैकी सुमारे नऊ नागरिक अशा तपासणीस अनुकूल होते. तरीही १७ एप्रिल २०१३ रोजी ही दुरुस्ती फेटाळली गेली. अनुकूल मते ५४, प्रतिकूल ४६. आवश्यक होती ६०.

बहुसंख्यांना हवी असलेली गोष्ट अशी का अडते? याचे उत्तर संख्येत नसून तीव्रतेत आहे. तपासणीस पाठिंबा देणारे बहुतेक मतदार मत देताना महागाई, रोजगार, आरोग्य यांचाही विचार करतात. विरोधकांतील अनेकजण मात्र या एकाच प्रश्नावर मत देतात, आणि ते विसरत नाहीत. कोलोरॅडो राज्यात २०१३ साली काडतुसांच्या मॅगझिनमधील गोळ्यांची संख्या पंधरावर मर्यादित करणारा कायदा झाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला मतदारांनी राज्य-सिनेटचे अध्यक्ष जॉन मॉर्स व सदस्या अँजेला गिरोन यांना मुदतीपूर्वीच परत बोलाविले. मॉर्स यांचा पराभव अवघ्या काही शे मतांनी झाला. तो कायदा मात्र टिकला, आणि २०१४ मध्ये दोन्ही जागा त्यांच्याच पक्षाकडे परत आल्या.

निवडणुकीचा कौल वाचताना सावधगिरी हवी, हेही येथे दिसते. सिनेटमधील दुरुस्तीस विरोध करणारे मार्क प्रायर व मार्क बेगिच २०१४ मध्ये हरले. परंतु तिला पाठिंबा देणाऱ्या मेरी लँड्र्यू व के हेगन याही हरल्या. मतांची नोंदही फसवी असू शकते. बहुमताचे नेते हॅरी रीड दुरुस्तीस अनुकूल असूनही त्यांनी विरोधी मत नोंदविले, कारण सिनेटच्या नियमांनुसार विषय पुन्हा चर्चेस आणण्याचा अधिकार विजयी बाजूने मत देणाऱ्यालाच असतो.

दरम्यान दुसरी बाजूही संघटित होत होती. २०११ साली गोळीबारात गंभीर जखमी झालेल्या माजी प्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांनी २०१३ मध्ये संघटना उभारली. मृतांच्या आप्तांनी अन्यत्रही तसेच केले. प्रतिनिधींची मते आता त्यांच्याही वहीत नोंदली जाऊ लागली. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत १९ मुले व २ शिक्षिका बळी पडल्यावर, २३ जून रोजी सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी मर्यादित स्वरूपाचा कायदा संमत केला. त्यात पंधरा रिपब्लिकन सदस्य अनुकूल होते.

राज्यघटना मताची नोंद करून देते. ती वाचण्याचे आणि पुढील निवडणुकीपर्यंत ध्यानात ठेवण्याचे काम नागरिकांचे आहे. जो मतदार हे काम करीत नाही, त्याच्या वतीने ते दुसरा कोणीतरी करतो, आणि प्रतिनिधी त्या दुसऱ्याचेच ऐकतो.