अंधारात चमकणारा टॅटू काढायचाय? आधी हे वाचा

मागच्या आठवड्यात भाचीने मला एक रील दाखवली. अंधारात एका मुलीच्या हातावर निळं फुलपाखरू चमकत होतं. "मामा, गोव्याच्या ट्रिपआधी मला असाच रेडियम टॅटू काढायचाय. काही होत नाही ना?" मला पटकन उत्तर देता येईना, म्हणून नीट माहिती काढली. तीच इथे देतोय.

आधी 'रेडियम' हा शब्द बाजूला ठेवू. गाडीवर लावतो त्या 'रेडियम'मध्ये रेडियम नसतंच, ते फक्त समोरचा प्रकाश परत फेकतं. खरं रेडियम किरणोत्सारी असतं आणि ते शरीरात जाणं घातक आहे.

दोन वेगळे प्रकार

१. यूव्ही टॅटू: बँकेत जांभळ्या दिव्याखाली नोट धरली की त्यातले बारीक तंतू चमकतात, तसंच हे. ही शाई अतिनील किरणं शोषते आणि लगेच दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. दिवा बंद, चमक बंद! म्हणजे असा टॅटू साध्या अंधारात दिसतच नाही. रीलमध्ये आजूबाजूला जांभळा उजेड असेल तर तो टॅटू याच प्रकारचा समजा.

२. ग्लो इन द डार्क: मुलांच्या खोलीत छताला लावतात ते तारे आठवा. त्यात झिंक सल्फाइड किंवा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटसारखी पावडर असते. ती आधी उजेड साठवते आणि मग हळूहळू सोडते. पण ही पावडर खेळणी आणि पाट्यांसाठी बनते, त्वचेत टोचण्यासाठी नाही. कुणी ही शाई वापरतो म्हणाला तर मी सरळ नाही म्हणेन.

प्रत्यक्षात कसा दिसतो?

रील बघून फसू नका. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थराखाली असते आणि त्या थरातलं मेलॅनिन अतिनील किरणं अडवतं. त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर चमक कमी दिसते. सनस्क्रीन लावलं तर अजून कमी! 'अदृश्य' म्हणून विकलेली शाईही दिवसा फिकट व्रणासारखी दिसू शकते. उन्हाने आणि वयाने ती फिकी पडते, ते वेगळंच.

सुरक्षित आहे का?

इथे खरी गोम आहे. 'एफडीए मान्यताप्राप्त शाई' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या एफडीएने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली.

शाई टोचलेल्या जागीच राहते असंही नाही. तिचे बारीक कण लसीका ग्रंथींपर्यंत पोचतात, हे २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. ॲलर्जी कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनीही उठते. म्हणून आधी छोट्या जागी चाचणी केली तरी पूर्ण खात्री मिळत नाही. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. जखमेचे जाड व्रण उठत असतील तर अजिबात घाई नको.

नको झाला तर लेझरने काढू, असं वाटतं ना? लेझरचा प्रकाश शाईने शोषला तरच काम होतं. फिकट शाई नीट शोषत नाही, आणि पांढरी शाई तर लेझरने कधीकधी उलट काळी पडते.

तरीही काढायचाच असेल तर

- शाईची बाटली सीलबंद आहे का? त्यावर घटकांची यादी आणि बॅच नंबर आहे का?
- सुई तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढतात का?
- याच शाईचे, दोन-तीन वर्षं जुने झालेले टॅटू दाखवतात का?

तिन्ही उत्तरं मिळाली नाहीत तर सरळ उठून या.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे पार्टीच्या दिव्याखाली एक रात्र चमकायला आयुष्यभराची शाई? मग यूव्ही फेस पेंटच बरा, दुसऱ्या दिवशी धुता तरी येतो!" मी लगेच हो म्हटलं. फक्त तो त्वचेसाठीच बनवलेला हवा, स्टेशनरीतला हायलायटर नव्हे. तुमच्या घरी कुणी असा टॅटू काढायच्या बेतात असेल, तर त्यालाही हे नक्की वाचायला द्या.