९३१ जीबीतून २३८ जीबीत

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सात-आठ वर्षे जुना लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: चालू केला की चहा पिऊन होतो, तरी मशीन तयार नसते. दुकानदार मागचे झाकण उघडतो, आतली १ टीबीची हार्ड डिस्क पाहतो आणि सांगतो, “एसएसडी टाका, मशीन पळेल.” बजेट बघून गिऱ्हाईक २५६ जीबीवर थांबते. आता जुन्या डिस्कवरचे सगळे बस्तान चौथाई जागेत हलवायचे असते.

दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. ते टोक योग्य जागी सरकवण्याचा वेळ वेगळाच. अशी डिस्क सेकंदाला विखुरलेल्या शंभर नोंदीही वाचू शकत नाही आणि विंडोज चालू होताना तर असंख्य लहान फायली मागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅश मेमरीच्या चिपांवर ती चालते आणि कुठलीही नोंद मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती देते.

मग नवी विंडोज टाकून मोकळे का होऊ नये? अनेकांनी तेच करावे. पण हिशेबनीसाच्या मशीनवर टॅली असते, डीटीपीवाल्याकडे वर्षानुवर्षे जमवलेले फाँट आणि श्रीलिपी असते, एखाद्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर कुठून मिळवला होता हे कोणालाच आठवत नसते. अशा ठिकाणी आहे ती व्यवस्था जशीच्या तशी उचलणे, म्हणजे क्लोन करणे, सोयीचे पडते.

अडचण येते ती इथेच. डिस्कवर भरलेला माल ८० जीबीच असला, तरी ‘नवी डिस्क लहान आहे’ असे सांगून क्लोनिंगचे सॉफ्टवेअर अडून बसते. सातबाऱ्यावर एक एकर लिहिलेले असावे आणि पेरणी दहाच गुंठ्यांत झालेली असावी, तसा हा प्रकार आहे. डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनचा तक्ता असतो आणि त्यात सी ड्राइव्ह कुठे सुरू होतो, कुठे संपतो याच्या हद्दी लिहिलेल्या असतात. सॉफ्टवेअर आधी या हद्दी बघते. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला हे मोफत साधन एरवी तितकीच किंवा मोठी डिस्क मागते. काही एसएसडी कंपन्यांची साधने क्लोन करतानाच हद्द आवळून घेतात, मात्र सॅमसंगचे साधन सॅमसंगच्याच एसएसडीवर चालते.

त्यामुळे आधी आकडेमोड करावी. कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४च्या पटीत मोजते. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि २५६ची एसएसडी २३८. शिवाय एसएसडी काठोकाठ भरू नये. फ्लॅश मेमरीत जुन्या नोंदीवर थेट नवी नोंद लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि त्यासाठी मोकळी जागा हाताशी लागते. पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा म्हटले, तर मालासाठी १९० जीबी उरतात. लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलमधून उतरवलेले फोटो आणि सिनेमे बाहेरच्या डिस्कवर हलवले, की बहुतेक घरगुती मशीन या मापात बसतात.

जागा रिकामी झाली तरी हद्द आपोआप आत येत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडले, की ६०० जीबी मोकळे असूनही ते कधी कधी त्यातले निम्मेच सोडायला तयार होते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती अशा काही फायली विंडोज चालू असताना जागच्या हलवता येत नाहीत आणि त्या मधेच कुठेतरी ठाण मांडून बसलेल्या असतात. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून मशीन पुन्हा चालू केले, की आकडा बराच सुधारतो. तरीही अडले, तर पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन चालवून, विंडोज बंद असताना, तेच काम करता येते. सीच्या पलीकडे, डिस्कच्या अगदी शेवटी, बहुधा रिकव्हरीचे छोटे पार्टिशन असते. तेही आत सरकवावे लागते, नाहीतर क्लोनझिला पुन्हा तेच सांगते.

हद्दी हलवताना वीज गेली किंवा डिस्कवर बॅड सेक्टर निघाले, तर सगळे हातचे जाऊ शकते. म्हणून कामाच्या फायलींचा बॅकअप सर्वांत आधी. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने पाहता येते, आणि ती ढासळलेली दिसली तर आवळाआवळीच्या भानगडीत न पडता फायली वाचवून नवी विंडोज टाकावी. डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर चालू असेल तर तो आधी बंद करावा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही डिस्कवर एकच ओळखक्रमांक असल्याने विंडोज त्यांतली एक ऑफलाइन ठेवते. लिनक्सही त्याच कारणाने भलत्याच डिस्कवरून चालू होऊ शकते. साटा जोडणीच्या जागी एनव्हीएमई जोडणीची एसएसडी बसवली, तर निळा पडदा येऊन बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश दिसू शकतो, कारण त्या प्रकारचा ड्रायव्हर सुरुवातीलाच लोड करायची विंडोजला सवय नसते. एकदा सेफ मोडमध्ये चालू केल्यावर बहुधा गाडी रुळावर येते. जुनी डिस्क काही आठवडे तशीच ठेवावी आणि मग केसिंगमध्ये किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत घालून फोटोंसाठी वापरावी.

एक गोष्ट मात्र दुकानात पैसे मोजण्याआधीच विचारायला हवी. क्लोन म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल, त्यामुळे विंडोज १० होती तर नव्या एसएसडीवरही विंडोज १०च येते आणि तिचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून पुढचे. एसएसडी बदलून यातले काहीच बदलत नाही. मशीन या अटींत बसत असेल, तर क्लोननंतर विंडोज ११चा अपडेट घेता येतो. बसत नसेल, तर तीच २५६ जीबी एसएसडी उबुंटूसारख्या लिनक्सला भरपूर पुरते.